सागाच्या तुळईंतील पावसाचें दप्तर

आमच्या मोहने गांवांत पावसाळा लागला कीं दोन विषयांवर बोलणें हटकून निघतें: उल्हास नदीचें पाणी आज कोठवर आलें, आणि २००५ सालीं तें कोठवर आलें होतें. त्या वर्षींच्या २६ जुलै रोजीं बदलापुरापासून कल्याणापर्यंत उल्हासच्या कांठच्या वस्त्यांत पाणी शिरलें. तें ज्यांनीं डोळ्यांनीं पाहिलें अशीं माणसें घरोघर आहेत; परंतु आज शाळेंत असलेल्या मुलामुलींचा तेव्हां जन्मही झालेला नव्हता. म्हणून वडील माणसांनीं भिंतीवर हात टेकून "पाणी इथवर होतें" असें सांगितलें, कीं मुलें विचारतात, "ह्याच्यापूर्वीं कधीं असें झालें होतें काय?" आजोबा म्हणतात, "आमच्या आठवणींत तरी नाहीं." उत्तर प्रामाणिक आहे, पण अपुरें आहे. आजोबांची आठवण फार झाली तर सत्तर वर्षांची. नदीचें वय त्याहून पुष्कळच मोठें.

बरें, आठवण सोडून छापील नोंदींकडे वळावें तर तेथेंही आपली धांव फार दूर जात नाहीं. मुंबईस कुलाब्याची वेधशाळा १८२६ सालीं उभी राहिली. हिंदुस्थानचें हवामान खातें १८७५ सालीं स्थापन झालें. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेंतील विद्वानांनीं सर्व देशाच्या मोसमी पावसाची जी सलग मालिका तयार केली आहे, ती १८७१ पासूनची आहे. म्हणजे आपल्या हातीं दीडशें वर्षांची वही आहे. तींत १८७७, १८९९, १९१८ व १९७२ हीं कोरडीं वर्षें ठळकपणें दिसतात, आणि ज्यांच्या घरीं पणजीच्या तोंडच्या गोष्टी शिल्लक आहेत त्यांस त्यांपैकीं एखाद्या वर्षाचा दुष्काळ ठाऊकही असेल. परंतु शंभर वर्षांतून एकदां येणारें संकट दीडशें वर्षांच्या वहींत एकदां, फार तर दोनदां सांपडणार. पांचशें वर्षांतून एकदां येणारें कदाचित् मुळींच सांपडणार नाहीं. आणि पूल, बंधारे, धरणें हीं सर्व त्या वहीवर भरंवसा ठेवून बांधलीं जातात. नदीकांठीं घर बांधणाऱ्या गृहस्थानें जोतें किती उंच घ्यावें, हा प्रश्नही शेवटीं तेथेंच येऊन ठेपतो.

तर मग पर्जन्यमापकाचा जन्म होण्यापूर्वींचा पाऊस कोणीं मोजला? कोणीं मोजला नाहीं हें खरें. पण कित्येक वस्तूंनीं तो नकळत टिपून ठेविला आहे. झाडांनीं टिपला, गुहेंतल्या दगडांनीं टिपला, सरोवराच्या तळच्या चिखलानें टिपला. ह्या दप्तराची लिपी निराळी आहे, आणि ती वाचण्याचा पहिला धडा आम्हीं ह्याच गांवांत, एका तुळईवर गिरविला.

गेल्या वर्षीं गांवांतील एक जुनें कौलारू घर उतरवून तेथें नवें बांधावयाचें ठरलें. घराचे मालक आमच्या एका विद्यार्थ्याचे वडील. जुन्या सागाच्या तुळया वखारींत जाण्यापूर्वीं त्यांनीं एका तुळईच्या टोंकाची चार बोटें जाडीची चकती कापवून शाळेस दिली. आम्हीं ती रंध्यानें साफ केली, कांचकागदानें घासली, वर ओल्या फडक्यानें पुसली; तेव्हां काळवंडलेल्या लांकडांतून एकांत एक अशीं सोनेरी तपकिरी वलयें उमटलीं. मुलांच्या चार टोळ्या केल्या, प्रत्येकीस एक भिंग दिलें, व गाभ्यापासून कडेपर्यंत वलयें मोजावयास सांगितलीं. उत्तरें आलीं तीं अशीं: ७१, ६८, ७४ आणि पुन्हां ७१. दोघांचें जमल्यामुळें त्या दोन टोळ्यांनीं आपणच बरोबर असल्याचें जाहीर करून टाकलें. वलयांची संख्या बहुमतानें ठरत नसते, हें त्यांस पटवितांना आम्हांस बरेच कष्ट पडले.

हीं वलयें होतात कशीं तें आधीं पाहूं. साग हा पानझडी वृक्ष आहे. पौष-माघापासून त्याचीं तीं थाळीएवढालीं पानें गळूं लागतात, आणि चैत्रांत माहुलीच्या पायथ्याचें रान पाहिलें तर नुसते खराटे रोवून ठेविल्यासारखें दिसतें. ह्या कोरड्या दिवसांत झाड निजलेलें असतें. त्याचें खोड जाड होत नाहीं. पुढें वळवाच्या सरी पडतात, पालवी फुटते, आणि सालीच्या लगत आंत जो जिवंत पापुद्रा असतो तो नवें लांकूड घडवूं लागतो. आरंभीं पानांस पाणी पोंचविण्याची घाई असते, म्हणून त्या लांकडांतील नळ्या मोठ्या असतात. कापलेल्या तोंडावर त्या टांचणीनें टोंचल्यासारख्या नुसत्या डोळ्यांनीं दिसतात. पावसाळा सरत येतो तसतशा नळ्या बारीक व विरळ होतात आणि लांकूड घट्ट होत जातें. मग पुन्हां पानगळ, पुन्हां झोंप, पुन्हां मोठ्या नळ्यांची रांग. एका रांगेपासून दुसऱ्या रांगेपर्यंत एक वर्ष. आंब्याचें लांकूड घेऊन हा प्रयोग करूं जाल तर निराश व्हाल; जें झाड बारा महिने हिरवें राहतें त्याच्या लांकडांत वर्षाची शीव अशी स्पष्ट उमटत नाहीं. सागाला झोंप लागते म्हणूनच त्याला हिशेब ठेवतां येतो.

ज्या वर्षीं मुळांशीं ओल पुष्कळ दिवस टिकली, त्या वर्षीं वलय रुंद. ज्या वर्षीं ओल लवकर आटली, त्या वर्षीं अरुंद. येथवर गोष्ट सोपी वाटते. पण मग चार टोळ्यांचीं उत्तरें निराळीं कां आलीं? मुलांचा हलगर्जीपणा हें त्याचें अर्धेंच कारण. सागाच्या वलयांत दोन फसवे प्रकार असतात. भर पावसाळ्यांत कधीं मोठी उघडीप पडते, किंवा सागाचीं पानें खाणाऱ्या अळीची धाड येऊन सगळें झाड जाळीदार होऊन जातें. तेव्हां वाढ थांबते, पुन्हां पालवी फुटते, आणि एकाच वर्षांत दोन वलयांचा भास होतो. हें खोटें वलय. उलटपक्षीं एखाद्या वाईट वर्षीं वाढ इतकी थोडी होते कीं खोडाच्या एका बाजूस वलय उमटतें व दुसऱ्या बाजूस उमटतच नाहीं. हें हरवलेलें वलय. ज्या टोळीनें चकतीच्या डाव्या अंगानें मोजलें तिला ६८ मिळालीं, आणि जिनें प्रत्येक पुसट रेघ हिशेबांत धरली तिला ७४. दोघींच्याही मोजण्यांत चूक नव्हती. चूक होती ती एकाच साक्षीदाराच्या जबानीवर निकाल देण्यांत.

ही अडचण ज्या युक्तीनें सुटते, ती आमच्या मतें ह्या सर्व शास्त्राचा कणा आहे. एका रानांतील झाडांवर एकच पाऊस पडतो. म्हणून दहावीस झाडांचे नमुने शेजारीं शेजारीं ठेविले, तर रुंद-अरुंद वलयांचा क्रम सर्वांत सारखा यावयास पाहिजे: दोन रुंद, एक अगदीं अरुंद, तीन मध्यम, पुन्हां अरुंद, असा. एखाद्यांत एक वलय अधिक आलें कीं पुढचा सारा क्रम सरकतो व चूक तत्काळ उघडी पडते. त्यासाठीं झाड तोडावें लागत नाहीं. सुताराच्या गिरमिटासारखें, पण आंतून पोकळ असें एक हत्यार खोडांत फिरवून पेन्सिलीएवढी बारीक कांडी काढून घेतात. नमुने जुळविल्यावर आणखी एक दुरुस्ती करावी लागते. तरुण झाडाचीं वलयें स्वभावतःच रुंद व म्हाताऱ्याचीं अरुंद असतात. तो वयाचा भाग हिशेबांतून काढून टाकला म्हणजे मग हवेचा भाग उरतो.

ही जुळवणी शास्त्रास शिकविली ती एका ज्योतिर्विदानें, हें ऐकून मुलांस गंमत वाटेल. अमेरिकेंतील ॲंड्र्यू एलिकॉट डग्लस ह्यांस सूर्यावरील डागांचा अभ्यास करावयाचा होता, आणि त्या डागांची नोंद झाडांच्या वाढींत सांपडेल काय, ह्या विचारानें ते लांकडांकडे वळले. नैर्ऋत्य अमेरिकेच्या कोरड्या प्रदेशांत तेथील मूळच्या लोकांचीं ओसाड गांवें आहेत. त्यांच्या घरांच्या तुळयाही त्यांनीं तपासल्या. पुष्कळ वर्षें त्यांच्याजवळ दोन साखळ्या होत्या. एक आजच्या झाडांपासून मागें जाणारी. दुसरी ओसाड गांवांतील तुळयांची, आंतून पक्की जुळलेली, पण कोणत्या सालाची तें ठाऊक नसलेली. दोहोंच्या मध्यें किती वर्षांची फट आहे हें कोणासच सांगतां येईना. शेवटीं १९२९ सालीं ॲरिझोना प्रांतांत एक अर्धवट जळालेली तुळई सांपडली. तिच्यांतील वलयांचें एक टोंक एका साखळीशीं व दुसरें दुसरीशीं जुळलें. त्या एका कोळशासारख्या लांकडानें सगळ्या गांवांच्या जन्मतारखा निश्चित झाल्या, आणि १२७६ ते १२९९ ह्या वर्षांत त्या प्रदेशावर एक दीर्घ अवर्षण येऊन गेल्याचेंही उघडकीस आलें. त्यानंतर दोनच वर्षांनीं, १९३१ सालीं, बर्लागे ह्या डच शास्त्रज्ञानें जावा बेटांतील सागाची चारशें वर्षांहून लांब मालिका प्रसिद्ध केली. साग हिशेबी झाड आहे, हें तेव्हांच जगास कळलें होतें.

आतां आपल्या जिल्ह्याकडे येऊं. जी. बी. पंत व एच. पी. बोरगावकर ह्या पुण्याच्या संस्थेंतील दोन शास्त्रज्ञांनीं ठाणें प्रदेशांतील सागांचीं वाढवलयें व तेथील हवामान ह्यांचा अभ्यास करून तो १९८३ सालीं प्रसिद्ध केला. ज्या रानांतून आपल्या गांवच्या तुळया आल्या, त्याच बाजूचीं हीं झाडें. पद्धत अशी असते: ज्या वर्षांचा पाऊस मोजलेला आहे त्या वर्षांचीं वलयें प्रथम घ्यावयाचीं, आणि रुंदीचा व पावसाचा मेळ किती बसतो तें पाहावयाचें. मेळ चांगला बसला तरच, जेव्हां पाऊस मोजला जात नव्हता त्या काळाविषयीं झाडास प्रश्न विचारावयाचा. परीक्षेंत आधीं सोडविलेलें उदाहरण पडताळून मगच नवें उदाहरण हातीं घ्यावें, तसेंच हें.

रुंदी ही वलयांतील एक नोंद झाली. दुसरी नोंद डोळ्यांस दिसत नाहीं. ती लांकडाच्या द्रव्यांतच आहे. पाण्यांतील हायड्रोजनाचे बहुतेक कण साधे असतात, पण फार थोडे कण त्यांच्या दुप्पट जड असतात. त्यांस ड्यूटेरियम म्हणतात. प्राणवायूचेही असेच हलके व जड प्रकार आहेत. ढगांतून पाऊस पडूं लागला कीं जड कण असलेलें पाणी आधीं खालीं येण्याकडे कल असतो. पाऊस फार मोठा झाला तर मागाहून पडणारें पाणी अधिकाधिक हलकें होत जातें. झाड तेंच पाणी मुळांवाटे पितें व त्यांतील हायड्रोजन आपल्या लांकडांत कायमचा बांधून ठेवितें. आर. रमेश, एस. के. भट्टाचार्य व जी. बी. पंत ह्यांनीं ठाण्याच्या सागाच्या वलयांतील ह्या जड हायड्रोजनाचें प्रमाण वर्षावर्षाचें मोजून, त्या चढउतारांस हवामानाचा अर्थ आहे असें १९८९ सालीं 'नेचर' ह्या विख्यात पत्रांत मांडलें. त्याकरितां लांकडांतील इतर पदार्थ काढून टाकून शुद्ध सेल्युलोज वेगळें करावें लागतें. सेल्युलोज हा शब्द मोहनेकरांस तरी शिकवावयास नको! ज्या कारखान्याचा भोंगा ह्या गांवाच्या दोन पिढ्यांनीं ऐकला आणि ज्याचीं यंत्रें २००९ सालीं थांबलीं, तो नॅशनल रेयॉनचा कारखाना लांकडाच्या लगद्यांतील सेल्युलोजाचाच धागा काढीत असे. ज्या पदार्थाचा धागा ओढून आमच्या पालकांपैकीं कित्येकांनीं संसार चालविले, त्याच पदार्थांत पावसाची नोंद होती.

परंतु सागाची जबानी कोठवर ऐकावी हेंही समजलें पाहिजे. २६ जुलै २००५ ह्या दिवसाकडे पुन्हां या. त्या चोवीस तासांत सांताक्रूझ येथें ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला गेला. त्याच चोवीस तासांत त्याच मुंबईंत कुलाब्यास मोजला गेला अवघा ७३. दोन पर्जन्यमापकांत आगगाडीनें तासाभराचेंही अंतर नाहीं. सांताक्रूझला झाड असतें तर त्याची जबानी एक, कुलाब्याला असतें तर दुसरी. शिवाय झाड दिवसाचा हिशेब ठेवीत नाहीं, ऋतूचा ठेवितें. एका दिवसांत आभाळ फाटून पडलेलें पाणी नदीला पूर आणील, पण मुळांशीं मुरणार त्यांतलें थोडेंच. बाकीचें वाहून जाणार. म्हणून ज्या वर्षाचा महापूर गांव विसरत नाहीं, त्या वर्षाचें वलय शेजारच्या वलयांसारखेंच साधें असूं शकेल. मुलांच्या मूळ प्रश्नाचें, म्हणजे पुराच्या प्रश्नाचें उत्तर सागाजवळ मागणें हा सागावर अन्याय आहे. तो आपणांस कोरड्या वर्षांविषयीं अधिक चांगलें सांगेल.

दुसरी मर्यादा वयाची. आपल्या डोंगरांत फार जुना साग आतां विरळा. शिवाजीमहाराजांच्या काळीं कल्याण-भिवंडीस गलबतें बांधलीं जात. पुढें इमारती वाढल्या. १८५४ सालीं आगगाडी कल्याणास आली आणि रुळांखालीं घालावयास लांकूड लागूं लागलें. जुनीं झाडें रानांत उरलीं नाहींत, तीं घरांत येऊन बसलीं. केरळांत मात्र पंत-बोरगावकरांच्याच संस्थेस असे साग मिळाले कीं त्यांची मालिका १४८१ पासून २००३ पर्यंत, म्हणजे ५२३ वर्षांची झाली. बोरगावकर व त्यांच्या सहकाऱ्यांनीं ती २०१० सालीं प्रसिद्ध केली. प्रशांत महासागराचें पाणी तापून 'एल निन्यो' होतो आणि आपला मोसमी पाऊस रोडावतो, अशा कित्येक वर्षांच्या खुणा त्या अरुंद वलयांत उमटलेल्या आहेत.

ह्याहून मागें जावयाचें तर लांकूड सोडून दगडाकडे जावें लागतें. चुनखडीच्या गुहेंत छतावरून पाणी ठिबकतें व प्रत्येक थेंबामागें चुन्याचा सूक्ष्म थर ठेवून जातें. शेंकडों वर्षांनीं त्याचा खांब होतो. जें पाणी ठिबकतें तें वरच्या रानांत पडलेल्या पावसाचें, म्हणून त्या थरांतील जड व हलक्या प्राणवायूच्या प्रमाणांत पावसाची नोंद राहते. युरेनियमपासून हळूहळू थोरियम कसें व किती तयार झालें आहे तें मोजून प्रत्येक थराचें वय काढतां येतें. आपल्या सह्याद्रीचा खडक काळा, ज्वालामुखीचा. त्यांत अशा गुहा फारशा नाहींत. पण विदर्भाच्या पलीकडे बस्तरांत, कांगेर खोऱ्यांत, दंडक नांवाची गुहा आहे. आशिष सिन्हा व त्यांच्या सहकाऱ्यांनीं तेथील एका खांबावरून इसवी सन ६०० ते १५०० ह्या नऊशें वर्षांचा मोसमी पावसाचा इतिहास २००७ सालीं मांडला. चौदाव्या शतकाच्या मध्यापासून पंधराव्याच्या मध्यापर्यंत पाऊस पुनःपुन्हां व दीर्घकाळ रुसल्याचें त्यांत दिसतें.

महाराष्ट्राचा इतिहास वाचलेल्या पालकांस येथें कांहीं आठवलें असेल. १३९६ सालीं सुरू झालेला आणि बारा वर्षें टिकला असें सांगितला जाणारा 'दुर्गादेवीचा दुष्काळ' ह्याच काळांतला. गांवेंच्या गांवें ओस पडलीं, किल्ले व मुलूख निर्मनुष्य झाले, अशा त्याच्या कथा पिढ्यान्‌पिढ्या चालत आल्या. बारा वर्षें हा आंकडा कथेंत फार लवकर शिरतो, म्हणून आम्हीही पूर्वीं त्याजकडे संशयानें पाहत होतों. पण ज्या दगडानें ती कथा ऐकली नाहीं, ज्याला मराठी येत नाहीं, तोही त्याच सुमारास पाऊस नव्हता असें सांगत असेल, तर लोकांच्या आठवणीस थोडा मान द्यावा लागतो. बारा कीं दहा हा वाद मग दुय्यम होतो.

तिसरा साक्षीदार चिखल. बुलढाणा जिल्ह्यांतील लोणारचें सरोवर आकाशांतून पडलेल्या अशनीनें झालेल्या सुमारें १.८ किलोमीटर रुंदीच्या विवरांत आहे. त्यांतून बाहेर जाणारी नदी नाहीं. पाणी जातें तें वाफ होऊनच. पाऊस भरपूर असला कीं पाणी चढतें, नसला कीं आटतें व खारट होत जातें, आणि फार खारट झालें कीं तळाशीं गेलुसाइट नांवाच्या क्षाराचे स्फटिक जमतात. भारतीय व जर्मन शास्त्रज्ञांनीं तळच्या चिखलाची उभी कांडी काढून तिचा अभ्यास केला व २०१४ सालीं तो प्रसिद्ध केला. स्फटिकांचे थर सांपडले ते मुख्यतः दोन काळांत: सुमारें ४६०० ते ३९०० वर्षांपूर्वीं, आणि २००० ते ६०० वर्षांपूर्वीं. (शास्त्रज्ञ 'इतक्या वर्षांपूर्वीं' म्हणतात तेव्हां पुष्कळदां १९५० पासून मागें मोजतात, म्हणजे ६०० वर्षांपूर्वीं म्हणजे साधारण १३५० साल.)

चौकस विद्यार्थी येथें थांबेल व म्हणेल, "हें कसें? लोणारचा कोरडा काळ १३५० च्या सुमारास संपतो, आणि दंडक गुहेचा तर तेथेंच सुरू होतो!" असा आक्षेप घेणाऱ्या विद्यार्थ्यास आम्ही पूर्ण गुण देऊं. बस्तर व बुलढाणा ह्यांमध्यें शेंकडों मैलांचें अंतर आहे, हा एक भाग. दुसरा असा कीं चिखलाच्या कालगणनेंत कित्येक दशकांचा मागेंपुढें होण्यास वाव असतो. तिसरा भाग महत्त्वाचा: सरोवर शतकांचा ताळेबंद ठेवितें, आणि गुहेंतील खांब जवळजवळ वर्षावर्षाची रोजकीर्द. ताळेबंदांत 'एकंदर तोटा' लिहिलेल्या काळांतही बरीं वर्षें असतात, 'एकंदर बरें' लिहिलेल्या काळांतही बारा वर्षांचा दुष्काळ बसूं शकतो. दोन वह्यांची बेरीज न जुळली तर एक वही फाडून टाकावयाची नसते. दोन्ही पुन्हां तपासावयाच्या असतात.

साक्षीदाराचा अर्थ लावतांना घाई केली तर काय होतें, ह्याचें एक उदाहरण मुंबईंतच आहे. १८७८ च्या सुमारास प्रिन्सेस गोदीचें खोदकाम चालू असतां भरतीच्या पाण्याच्या पुष्कळ खालीं, चिखलांत, खैराच्या शेंकडों झाडांचे बुंधे निघाले. त्यांतले कित्येक मुळांवर उभे होते. खैर समुद्रांत उगवत नाहीं. तेव्हां हवा तापून, दूरचें बर्फ वितळून समुद्र चढला, असें म्हणण्याचा मोह होतो. परंतु समुद्र न चढतां जमीन खचली तरी झाडें तशींच बुडतात. नुसता बुंधा पाहून कोण हललें, पाणी कीं भूमि, तें सांगतां येत नाहीं.

आणि आतां पूर. पुराची नोंद कोण ठेवितो? पुराचें पाणी नदीच्या अरुंद खडकाळ भागांतून जातांना बाजूच्या खबदाडींत शिरून संथ होतें, व तेथें बारीक गाळाचा एक थर टाकून ओसरतें. पुढचा पूर तितकाच उंच आला तरच त्यावर दुसरा थर चढतो. पुण्याचे विश्वास काळे व अमेरिकेचे व्हिक्टर बेकर ह्यांनीं मध्य व पश्चिम भारतांतील नद्यांच्या कांठचे असे थर तपासले, आणि यूरोपांत ज्यास 'लघु हिमयुग' म्हणतात त्या कांहीं शतकांत आपल्याकडे मोठे पूर आलेच नाहींत, आले ते लहानच, असें २००६ सालीं दाखविलें. हें वाचून आम्ही विचारांत पडलों. गांवें नदीच्या इतक्या जवळ कां वसलीं, असें आपण म्हणतों. पण ज्यांनीं शांत शतकांत वस्त्या वसविल्या, त्यांच्या आजोबांनींही "आमच्या आठवणींत नाहीं" असेंच सांगितलें असणार, आणि तें खरेंच असणार.

आमच्या चकतीकडे पाहतां, ती कोणत्या वर्षांची हें मात्र आम्हांस अजून लावतां आलेलें नाहीं. सागाच्या सालीखालचें पांढुरकें लांकूड किडीस लवकर बळी पडतें, म्हणून सुतार तें तासून टाकतो. आमच्या तुळईचेंही त्यानें तसेंच केलें आहे. शेवटचीं वलयें त्या ढलप्यांबरोबर गेलीं. म्हणून ७१ (अथवा ६८, अथवा ७४) वर्षें आहेत खरीं, पण डग्लसच्या दुसऱ्या साखळीप्रमाणें तीं अधांतरीं आहेत. त्याच घराची किंवा शेजारच्या घराची, सालीकडची बाजू शिल्लक असलेली एखादी तुळई, खांब, निदान गोठ्यांतला न तासलेला वासा मिळाला, तर जुळवणी करून पाहतां येईल.

ज्या पालकांकडे जुनें घर उतरवावयाचें असेल त्यांनीं वखारवाल्यास बोलाविण्यापूर्वीं एवढें करावें. लांकूड आडवें कापून चार बोटें जाडीची चकती घ्यावी. साल किंवा पांढुरकें लांकूड कोठें शिल्लक असेल तर ती बाजू हातची जाऊं देऊं नये. चकतीच्या पाठीवर शाईनें लिहावें: घर कोणत्या सालीं बांधलें, लांकूड खांबाचें कीं तुळईचें, आणि कोणत्या रानांतून आणल्याचें घरांत सांगतात. आमच्या चकतीबरोबर आलेल्या चिठीवर "माजघर" हा एकच शब्द आहे.